झाकली मूठ

पहाटे साडेचारला मला जाग येते.
हात अजून झोपलेले असतात.
गॅसचं बटण दाबून फिरवायचं असतं
आणि सहापर्यंत माझ्या अंगठ्याला ते मान्य नसतं.
मी बसून राहते.

झाकली मूठ सव्वा लाखाची, आत्या म्हणायची.
आत्ये, माझी झाकतच नाही गं.
बोटांची टोकं तळव्याकडं निघतात
आणि अर्ध्या वाटेवर थांबतात,
कवठेएकंदला एसटी पंक्चर व्हावी तशी.

आधी वाटलं, शेडातला गारठा.
एकोणीस वर्षं बेदाणा निवडते मी तासगावात.
हिरवा इकडं, पिवळा तिकडं,
काळा खालच्या पाटीत.
देठ चिमटीत धरायचा, टक्.
दिवसाला किती टक्, कुणी मोजलं नाही.
मग सांधे सुजले,
दोन्ही हातांचे सारखेच,
जोडीनं लग्नाला निघाल्यासारखे.
तायव्वानं एरंडाची पानं बांधली.
कुणी वांगं बंद केलं, कुणी दही, कुणी बटाटा.
वर्षभर मी एकेक भाजी सोडत गेले,
दुखणं मला सोडेना.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी
माझं एकेक बोट दाबून पाहिलं,
घडातला मणी चाचपतात तसं, हलक्यानं.
म्हणाल्या, ही झीज नव्हे. गारठाही नव्हे.
कुणाचं पाप तर नव्हेच नव्हे.
तुमच्या अंगातले राखणदार
घरच्यांनाच चोर समजून मारतायत.
मी विचारलं, मग त्यांना ओळख कोण पटवणार?
त्या हसल्या, गोळी लिहिली.
आठवड्यातून एकदाच. रविवारी. रोज नाही हं.
तीनदा बजावलं, माझ्याकडून वदवून घेतलं.
रक्त तपासायच्या तारखा
ऋतुजानं कॅलेंडरवर मांडल्या,
दुधाच्या हिशेबाशेजारी.

तेव्हा रडले नाही.
रडले रेशनच्या दुकानात.
यंत्र म्हणालं, पुन्हा लावा.
दुकानदार म्हणाला, जरा दाबून, मावशी.
पुन्हा लावा. पुन्हा लावा.
मागं रांग, पुढं गहू,
आणि माझाच अंगठा साक्ष देईना
की ही तीच बाई आहे.

मुजावर मॅडमनी गरम पाणी शिकवलं,
सोसेल एवढंच, दहा मिनिटं.
बोटं टेबलावर पसरा, एकेक उचला.
अंगठ्याला करंगळीकडं न्या, घाई नाही.
पिशवी बोटांत नको, खांद्याला घ्या.
पातेलं दोन्ही तळव्यांवर.
आणि सुजेल त्या दिवशी थांबा.
बाकी सगळं आठवड्यात जमलं,
थांबायला वर्ष लागलं.
आमच्यात थांबलेल्या बाईला
वेगळं नाव असतं.

आता रोज सकाळी
तळव्यावर बेदाणे ठेवून मूठ मिटते.
दिवाळीला चारांची रास लागायची
तेव्हा कुठं बोट टेकायचं.
संक्रांतीला दोन.
मधेच एक आठवडा परत चार, का ते कळलं नाही.
शिमग्याला एक.
माप झालं की ऋतुजा ते माप खाऊन टाकते.

काल शेडात एक नवी आली, विसापूरची,
पंचविशीही नसेल.
पाटीजवळ बसली, हात पदराखाली.
म्हणाली, काही नाही मावशी, मुरगळलाय.
दोन्ही?
तिनं मूठ आणखी आत ओढली,
सव्वा लाख असल्यासारखी.

मी माझे हात पाटीच्या काठावर ठेवले,
वाकडी करंगळी दिसेल असे.
विचारलं, सकाळी किती वेळ लागतो गं उघडायला?

ती बराच वेळ निवडत राहिली.
एक काळा दाणा हिरव्यात टाकला,
परत काढला.
मग खाली बघूनच म्हणाली,
शाळेची घंटा होईस्तोवर.