ईश्वरचिठ्ठी

आठ गण, आठ खुर्च्या. बहुमताला पाच.
मी पंचायत समितीत शिपाई, सव्वीस वर्षं झाली,
मला सरकार पाण्याच्या पेल्यांवरून कळतं:
कोणाचा पेला कोणाशेजारी ठेवला तर चालतो,
कोणाचा नाही.

यंदा छत्रीचे तीन, कपबशीचे तीन,
नारळाचे एकटे निस्ताने गुरुजी
आणि शिट्टीवर निवडून आलेली मैना कुमरे, अपक्ष.
तीन नि तीन सहा, हे शाळेतलं पोरही सांगेल.
पण छत्री आणि कपबशी मुंबईत एका ताटात जेवतात
आणि सावळापुरात एका विहिरीचं पाणी पीत नाहीत.
बाजार समितीत काळमेघांनी ढोक्यांचा जावई पाडला होता,
त्याला अकरा वर्षं झाली.
जावई विसरला. ढोके नाही.

मग सहली निघाल्या.
छत्रीची गाडी कुठं गेली कळलं नाही,
कपबशीची चिखलदऱ्याला.
फोन सगळे एका पिशवीत,
पिशवी काळमेघांच्या साळ्याच्या मांडीवर.
पाचव्या दिवशी बोबड्यांच्या बायकोनं ऑफिसात फोन लावला:
"भाऊ, यायले प्रेशरच्या गोळ्या कोन देते तिकडे?
यायचं मत पाह्यजे असन, तं मानूस तं जिता ठेवा ना गा."

गुरुजी छत्रीखाली गेले. विचारधारा, म्हणाले.
विचारधारा पांढऱ्या रंगाची होती,
अजून सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

मैनाबाई कुठंच गेली नाही.
"माह्या बकऱ्या कोन पाहीन?"
तेव्हा तेच तिच्या अंगणात आले. सकाळी ढोके, दुपारी काळमेघ,
बसले एकाच खाटेवर.
तिनं दोघांना एकच मागितलं: नाल्यावर रपटा.
दोघंही हो म्हणाले. तिनं दोघांची सही घेतली
पोराच्या वहीच्या एकाच पानावर,
एकाची वर, एकाची खाली.

मत दिलं कपबशीला.
मी विचारलं, काहून?
"त्यायनं चहा पेला माह्या घरचा.
ढोक्यायनं कप उचलला, अन् तसाच ठेवला."

चार आणि चार.
तहसीलदार मॅडमनी नियमांचं पुस्तक उघडलं, मिटलं,
म्हणाल्या, एखादं भांडं आणा.
ऑफिसात भांडं म्हणजे माझा डबा.
घाईत विसळला, ठेच्याचा वास काही गेला नाही.
दोन चिठ्ठ्या, सारख्या घड्या.
शेजारच्या शाळेतून तिसरीतली श्रावस्ती भगत आणली,
डोळ्यांवर मॅडमचा रुमाल.
हात डब्यात गेला आणि आतच थांबला.
पंख्याला तेल नव्हतं, तेवढाच आवाज.
ढोक्यांनी डोळे मिटले होते. काळमेघांचे ओठ हलत होते,
देव बहुतेक एकच असावा, दोघांचा.
पोरगी म्हणाली,
"दोन्ही काढू?"

कोणी हसलं नाही.

निघाली एक. कपबशी.
गुलाल माझ्या फायलींपर्यंत आला.
श्रावस्तीला कोणीतरी पेढा दिला, रुमाल सोडायचं राहिलं,
ती तशीच दारापर्यंत चाचपडत गेली.

सभापतींच्या दारावरची पाटी पत्र्याची आहे.
पेंटर झाडे मागच्या बाजूला नवं नाव लिहितो,
पत्रा उलटा करून लावतो,
पुढल्या वेळी पुन्हा उलटा.
ढोक्यांचं नाव आता भिंतीकडे तोंड करून आहे.

संध्याकाळी डबा घासायला घेतला,
दुसरी चिठ्ठी तळाला चिकटलेली,
तेलानं इतकी पातळ झालेली की घडी न उघडताच
नाव वाचता येत होतं.
वाचलं. चुलीत टाकलं.

दर सोमवारी मैनाबाई येते.
वहीचं ते पान प्लास्टिकच्या पिशवीत.
साहेब मिटिंगमधे आहेत, मी म्हणतो.
ती बसते सदस्यांच्या खुर्चीवर, कडेला,
आणि विचारते, "वरची सही चालते का खालची?"
मी पेला तिच्यासमोर ठेवतो,
काचेचा, साहेबांसाठी असतो तो.
ती सगळं पाणी पिते. पुन्हा मागते.