पाचवा रकाना

मला परीक्षक केलं, कारण मी कुणाचीच नव्हते,
असं सेक्रेटरी म्हणाले.
तिकीट एक, मागणारे तिघं,
आणि पक्षानं ठरवलं, आधी वॉर्डासमोर बोलून दाखवा,
मग नाव वर पाठवू.
नीलम नगरच्या समाजमंदिरात पंखा एकच,
तोही सेक्रेटरींकडे तोंड करून.

कागदावर चार रकाने छापलेले:
मांडणी, आवाज, उत्तर, वेळ.
प्रत्येकी दहा.
पेन्सिल दोऱ्यानं टेबलाला बांधलेली,
व्यंकम्मा पळवील म्हणून.

एकतीस वर्षं माझ्या विड्या दुसऱ्यानं तपासल्या.
चेकर सुपात हात घालायचा, अंगठ्यानं दाबायचा,
ही मऊ, ही आखूड, हिचं तोंड उघडं,
आणि बाजूला टाकायचा. छाट.
छाटीचे पैसे नाहीत, छाटलेली विडी परतही नाही.
आज अंगठा माझा होता.
खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

पहिला गुर्रम वकील. आमच्यातलाच.
सुरुवातीला दोन वाक्यं तेलुगूत टाकली,
अर्थ पोचायच्या आधी मागच्या बायकांच्या टाळ्या पोचल्या.
मांडणी नऊ.
मग कुणी विचारलं, पाणी पाचव्या दिवशी का?
तो उजनीला गेला, उजनीवरून दिल्लीला गेला,
नळाकडे काही परत आला नाही.
उत्तर दोन.
आपला म्हणून अर्धा आणखी कापला,
हाही पक्षपातच की, म्हणून परत दिला.
खोडून खोडून कागदाला भोक पडलं.

दुसरे टॉवेल कारखान्याचे हत्तुरे.
मध्येच लाईट गेली, माइक मेला,
त्यांना पत्ताच नाही.
आवाज दहा, कमी द्यायची सोयच नव्हती.
जैतुनबी गटाराबद्दल विचारायला उठली,
तिचं वाक्य अर्ध्यात, आणि हे म्हणाले,
"रस्ता होणार म्हणजे होणारच!"
टाळ्या.
जैतुनबी बसली.

तिसरी रिहाना बागवान, फळांच्या गाड्यावरची.
हातातला कागद थरथरत होता, मांडणी चार.
तिनं भाषण सोडलं आणि विचारलं,
"मघाशी गटाराचं कोण म्हणालं? कुठलं गटार?
मला माहीत नाही."
लोक हसले.
ती स्टेजवरून उतरून मागच्या ओळीपर्यंत गेली,
ऐकत उभी राहिली.
तेवढ्यात घंटा झाली. वेळ शून्य.

आणि या सगळ्याला रकानाच नव्हता.

पान कापायचा पत्र्याचा फर्मा पिशवीत असतोच.
तो कागदावर ठेवला, कडेनं रेघ ओढली,
वर लिहिलं: ऐकलं किती.
वकील सहा, हत्तुरे चार, रिहाना नऊ.
दहा नाही, जैतुनबीचं नाव विचारायचं राहिलं.
शेजारचे मास्तर कुजबुजले, "बाई, बेरीज पन्नासावर जातेय."
सेक्रेटरी म्हणाले, "हा रकाना छापलेला नाही."
म्हटलं, "मग छापा."

दुसऱ्या दिवशी हत्तुरे दारात.
"काय करलालाव मावशी? ऐकण्यात चारच?"
कुणी सांगितलं कोण जाणे.
म्हटलं, बसा, सांगते. त्या जैतुनबीनं जेव्हा
आणि त्यांनी सुरू केलं.
वडिलांचा एकच माग, मग बारा माग,
गड्ड्याच्या यात्रेत वाटलेले टॉवेल,
कुणी किती खाल्लं, कुणी किती पाडलं.
माझा एक कट्टा बांधून झाला, दुसराही झाला.
उठताना हात जोडून म्हणाले,
"बरं झालं मावशी, मोकळेपणानं बोलणं झालं."

तिकीट कुणाला ते वरून कळेल.
पाचवा रकाना पाठवायच्या आधी कात्रीनं कापला म्हणे.
कार्बनची प्रत माझ्याकडे आहे,
आणि दोरा तोडून आणलेली पेन्सिलही.
दार लावलं,
हत्तुरेंच्या चारचे तीन केले,
आणि पुढचं पान भिजत घातलं.