किती नग

मंगळवारी चलन येतं.
आठशे नग, बाहेरचा व्यास बत्तीस,
सूट वीस मायक्रॉन.
गेल्या मंगळवारी सहाशेच होते.
मी विचारलं नाही.

कुपवाडात शेडचं भाडं, लेथचा हप्ता,
शनिवारी मैनुद्दीनचा पगार,
आणि या सगळ्यावर पत्रा एकच:
देवमाने साहेब.

माणूस चांगला, खोटं कशाला बोलू.
दिवाळीचा बॉक्स घेताना लाजतो,
घेतो.

चौदा वर्षं हाच बुश करतोय.
कुठल्या मशिनीत बसतो, माहीत नाही.
एकदा विचारलं, तर म्हणाले,
शीतल, तू बुश कर.
मैनुद्दीन म्हणतो, पंपात असेल.
राजमती म्हणते, असेल तिथं सुखात असू दे,
लेकी दिल्यासारखे दिलेत तुम्ही.

मेव्हणा म्हणतो, तुझं बरंय,
डोक्यावर साहेब नाही.
माझ्या कार्डावर प्रोप्रायटर छापलंय.
अक्षर जरा जाडच घेतलं होतं.

मागं एकदा इस्लामपूरला गेलो, दुसरं काम बघायला.
सॅम्पल गाडीच्या डिकीत, फडक्यात गुंडाळून.
ते म्हणाले, सध्या कुणाचं करता?
नाव सांगितलं.
मग तुम्हाला काय कमी, म्हणाले, आणि चहा पाजला.
येताना कंपनीच्या गेटवरून न येता
लांबच्या रस्त्यानं आलो.
कशाला, ते मलाही सांगता येणार नाही.

पावसाळ्यात अख्खी सांगली विचारते,
आयर्विनला किती फूट?
चाळीसला सामान माळ्यावर,
पंचेचाळीसला माणसं पाहुण्यांकडं.
सगळ्यांना ठाऊक, कधी काय हलवायचं.
माझं उलटं. उतरत गेलं की धोका.
आठशे. सहाशे.
आणि कितीवर आलं की काय उचलायचं,
आधी पोरीची फी की आधी लेथ,
हे कुठल्या खांबावर रंगवलेलं नाही.

आज मंगळवार. साडेअकरा वाजले.
'नमस्कार साहेब' पाठवलंय,
दोन्ही खुणा निळ्या झाल्यात.
शेजारच्या शेडमध्ये प्रेस चालू आहे, धाड, धाड,
त्यांचीही कंपनी तीच.
मी गेज पुसतोय, पुसलेलाच.
मैनुद्दीन बार खांद्यावर घेऊन उभा.
भाऊ, कापू?

काप म्हणालो.

किती?