टप्पा

पाच चाळीसची पहिली गाडी, देवलापार ते नागपूर.
मी माणसं ओळखतो पिशव्यांवरून.
लग्नाची पिशवी फुगलेली, कोर्टाची काखेत घट्ट,
आणि ही प्लास्टिकची, दुकानाचं नाव पुसत आलेली,
आत एक्स-रे. मनसरजवळ ऊन आलं की
कुणाच्या तरी फासळ्या दिसतात मला, फुकट.

"मेडिकलचे दोन देजो, भाऊ."
मेडिकल नावाचा थांबा माझ्या मशीनमध्ये नाही.
गणेशपेठ आहे. पुढे तुम्ही आणि ऑटोवाला.
सुमरता उईकेला हे पाठ आहे,
तरी दर मंगळवारी ती मेडिकलच मागते.

दवाखाना गावाकडेही आहे. म्हणजे इमारत आहे.
रक्त तपासायचं मशीन आलं तेव्हा नारळ फुटला,
पेढा मीही खाल्ला.
मशीन चालवणारा अजून वाटेत आहे.
माझ्या परतीच्या गाडीत तर तो कधी चढला नाही.

पोरीचं नाव इमला. गुडघे सुजतात.
तिच्या रक्ताचं चित्र कुणी काढून दिलं होतं,
ते तिने वहीच्या मागे उतरवलंय:
दहा गोल, मधे चार विळे.
"आतून कापते ना काका ते,"
भूगोलाचा धडा सांगावा तसं सांगते.

सहा किलोमीटरचा एक टप्पा, टप्प्याला भाडं.
आमच्या खात्याचं गणित सोपं.
एका सुट्टीला मी त्यांच्यासोबत गेलो.
गेटपासून मोजत होतो:
चिठ्ठीची खिडकी, शिक्क्याची खिडकी,
ही नाही, ती बिल्डिंग,
जेवणाची सुट्टी, राउंड,
चौदाव्या टप्प्यावर मोजणं सोडलं.

डॉक्टर पोरगाच होता, रात्रभर जागलेला.
चार मिनिटं होती त्याच्याकडे.
चारही त्याने इमलाला दिली.
"या गोळ्या तिकडेच मिळायला हव्यात," म्हणाला.
सुमरता हसली. तो ओशाळला. मी छताकडे पाहिलं.

तेव्हापासून तिकिटामागे लिहून देतो:
आधी सहा नंबर, मग बावीस. डबा न्या.
नियमात बसत नाही.

काल परतीला, गणेशपेठला,
एक तरुण चढला. इस्त्रीचा शर्ट, नवी बॅग,
बॅगेवर औषधकंपनीचं नाव.
इमला झोपेतून उठून ताठ बसली,
आईला कोपराने ढोसलं.

मी नेहमीपेक्षा हळू विचारलं, "कुठं?"

"कामठी."

तीन टप्पे.