कूलर बंद करून

पाचवी फेरी दुपारी तीनला.
मानेवाड्यात पंचेचाळीस डिग्री
आणि कूलर बंद, कारण त्याची घरघर
पलीकडच्या माणसाला ऐकू जाते.
पलीकडचा माणूस स्वेटरमध्ये.

"मोठ्याने विचार करा," तो म्हणाला.
मी आजवर विचार केला तो गप्प राहून,
खालच्या ओठाची साल काढत.
तरी बोलले. झाड, फांद्या, फांद्यांच्या फांद्या,
स्वतःलाच हाक मारत सुटलेलं फंक्शन,
घाम कोपरावरून कीबोर्डवर,
आणि मध्येच तोंडातून निसटलं, "थांब ना बे!"
तो थांबला.
मी त्याला नव्हतं म्हटलं.

कुठे थांबायचं, ती एक ओळ राहिली होती.
कॉल तुटल्यावर दिसली.

घरमालक बारापात्रेकाका वर आले,
बाही सारून कूलरच्या टाकीत हात घातला.
"बॉल अटकला होता. काहून बंद ठेवला?"
"इंटरव्ह्यू होता."
"मग, झाला?"
"होऊन राहिला," मी म्हटलं.

पाणी चढलं, बॉल उचलला, धार मिटली.
वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास.
स्क्रीनवर अजून तो काळा चौकोन,
जिथे त्याचा चेहरा होता.

मी ती ओळ लिहिली.
कुणी बघत नव्हतं.
चाललं.