ओला ताव

पौषातली सकाळ, सहा वाजून चाळीस मिनिटं.
दुतोंड्या मारुतीसमोर
मी घडीचं स्टूल उघडते.
स्टूल कुरकुरतं. गुडघाही.
दोघांना तेल लावायचं राहूनच गेलंय.

डबीत बारा रंग, त्यातले कामाचे चार:
गेरू, करडा, एक जुनाट निळा,
आणि पिवळा, जो मी उगाच बाळगते.
पाणी नदीचंच, दह्याच्या रिकाम्या डब्यात.
आधी घरून आणायची, गाळून, बाटलीत.
मग म्हटलं, जिचं चित्र
तिच्याच पाण्यानं भिजू दे.
तेव्हापासून कधी झेंडूची पाकळी येते ब्रशला,
कधी राखेचा कण.
कण मी काढत नाही.

बत्तीस वर्षं नाशिकरोडला, नोटांच्या कारखान्यात,
मी छापील ताव तपासले.
भिंग, टेबल, पांढरा दिवा.
रेघ केसभर सरकली, ताव बाद.
शाई धाग्याएवढी पसरली, बाद.
लाल पेन्सिलीची फुली. पुढचा.
घरी आले तरी पोळीचा काठ
बोट फिरवून बघायची.

आणि आता हे असं:
आकाश घालते, ते मारुतीच्या खांद्यात घुसतं,
मारुती होळकर पुलात,
पूल सरळ पाण्यात.
या थंडीत वॉश वाळतच नाही.
पंधरा मिनिटं झाली तरी कागद घामेजलेला.
धीर सुटतो, पुढचा रंग टेकवते
आणि निळ्यात गेरू फुटून
फ्लॉवरचा गड्डा तयार.
हात आपसूक स्वेटरच्या खिशात जातो,
लाल पेन्सिल शोधायला.

रोज एक पान, असं ठरवलंय.
ठरवलेलं सगळं होतं थोडंच.
एकवीस डिसेंबर: नुसती घाटाची एक पायरी. बोटं वाकेनात.
बावीस: कोरं. कोपऱ्यात लिहिलंय, ‘रजई’.
सव्वीस: पाच पायांची शेळी. मध्येच हलली.
तीस: धुकं.
त्या दिवशी कागद तसाच ठेवला,
फक्त एक बगळा,
तोही शंकेनं.

आज बुधवार. बाजाराचा दिवस.
मखमलाबादची लंकाबाई बेंडकुळे
मेथीच्या जुड्या मांडायच्या आधी शेकोटी पेटवते,
खोक्यांच्या फळ्या, नारळाच्या शेंड्या.
निफाडला पारा चारावर, म्हणते,
पोरगं रात्रभर जागं होतं,
द्राक्षबागेत जागोजागी धूर करत.
मग माझ्याकडे बघून,
“याची मजुरी कोण देतं तुम्हाला?”
“कुणी नाही.”
“मग रोज कशाला?”
मला उत्तर देता आलं नाही.
म्हटलं, कागद वाळायची वाट बघतेय.
“आण इकडं. पापड हाय का त्यो, उन्हाची वाट बघाया?”

तिनं पान हातातून घेतलं
आणि विस्तवावर धरलं,
पोळी फुगवताना धरतात तसं,
कडेला, दोन बोटांत.
माझा जीव घशात.
पाणी कागदातून वाफ होऊन निघालं,
निळा जिथं होता तिथंच थांबला,
पूल पुलासारखा दिसायला लागला,
आणि उजवा कोपरा करपला.
लंकाबाई हसली. “जरा जास्तच झालं.”
एक जुडी माझ्या पिशवीत टाकली,
नुकसानभरपाई.

घरी येऊन जुनं भिंग काढलं.
बाद करायला कारणं सापडत होती,
एक नाही, नऊ.
कलता खांब. राखेचा कण.
पाण्याच्या मागे सरकलेल्या रंगाची
दातेरी किनार, जिच्याकडे मी
जरा जास्तच वेळ बघत बसले.
मग करपलेल्या कोपऱ्यापाशी आले.
तो तपकिरी, कडेला काळा, आत मधासारखा,
माझ्या बाराही रंगांतून
मला कधी जमला नसता.

पेन्सिल शोधली. काळी.
तारीख घातली.

मेथी निवडताना बोटांना धुराचा वास येत होता.
उद्या गुरुवार, शेकोटी नसणार.
स्टूलला तेल लावलं.
गुडघ्याचं बघू.