कोरडी वात

काळ्या पडद्यावर मी टाइप करते :
निरीक्षणं. मस्तूल तीन. आजची.
दर दहा मिनिटांनी. नवी आधी.
'कृपया' लिहायची इथे सोय नाही,
आणि लिहिलंच तर
'असा पर्याय नाही' म्हणतो, तेवढ्याच सभ्यपणे.

एंटर.
ओळी उतरतात.
वेळ, वारा, कोरडा पारा, ओला पारा,
शेवटी एक अक्षराची शेरा-चौकट.

ओला पारा म्हणजे काय, आईने विचारलं होतं फोनवर.
म्हटलं, तापमापकाच्या टोकाला मलमलीची वात गुंडाळतात,
दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत.
पाणी वर चढतं, उडून जातं, पारा उतरतो.
'माठच की,' आई म्हणाली.
माठच.
फक्त रुवैसला ऑगस्टात समुद्रावरून असा दमट वारा येतो
की माठ नुसता घामेजतो,
गार होत नाही.
मग परातीवर उभ्या माणसाचंही तसंच होतं.
त्याचा घाम उडतो का,
एवढंच आम्ही त्या वातीला विचारत असतो.

साडेबारा ते तीन सुट्टी कायद्याची.
तीननंतर आकड्याची.
बत्तीस ओलांडले की भोंगा,
सगळे खाली, सावलीत, अर्धा तास.
बत्तीसला एक दशांश कमी असेल
तर कुणी खाली येत नाही.

१५:००   ३१.४
१५:१०   ३१.७
१५:२०   ३१.९

फिलिपोस साहेब खांद्यामागे उभे.
'सरासरी माग की,' म्हणतात, 'दिवसाची.'
सरासरी मागितली तर सरासरी मिळते.
तिच्यात पहाटेचे चार वाजलेले असतात,
परातीवर कुणीच नसतं,
आणि आकडा फार गोड येतो.
मी पुन्हा तेच मागते. दर दहा मिनिटांनी. नवी आधी.

१५:३०   ४३.२

साहेबांनी चष्मा पुसला.
कोरडा त्रेचाळीस पूर्णांक दोन,
ओला त्रेचाळीस पूर्णांक दोन.
दोन रकाने जुळ्या भावांसारखे.
बाहेर भोंगा आपोआप वाजलेला,
चौदा पिवळ्या टोप्या शिडीवरून उतरताहेत,
पुढे गंगाराम थारू,
एका हाताने कठडा, दुसऱ्याने पोट धरून.

मला कळायला काय लागतं?
वात वाळली.
मस्तुलाची बाटली दाऊद हमदुले भरतो, जैतापूरचा,
सहा वर्षांत एकदाही न चुकता.
फोन लावला.
'बाय,' तो म्हणाला, 'पाणी घालायचं राह्यलं बघ.
वय झालं.'
मागून कुणीतरी ताकाची पिशवी दाताने फाडल्याचा आवाज.
'भर,' मी म्हटलं.
'भरतो ना. पण उन्हातनं मस्तुलापर्यंत जायचं,
आणि गुडघ्यात वात.'
हसला नाही. मीही नाही.

आता शेऱ्याची चौकट.
'च' टाकला की ओळ चुकीची ठरते,
भोंगा मागे घेतला जातो,
टोप्या परत शिडीला लागतात.
यंत्र विचारत नाही का म्हणून.
कर्सर तिथेच लुकलुकतो,
जसा कुणाही आज्ञेसाठी लुकलुकतो.

मी कालची निरीक्षणं मागवली. तुलनेसाठी.
मग परवाची.
मग जून महिन्याची, सगळ्या मस्तुलांची,
दर मिनिटाची.
पडदा धबधब्यासारखा वाहू लागला.
'हे काय?' साहेब म्हणाले.
'पडताळणी,' मी म्हटलं.
ते बघत राहिले, मग चहाला गेले.
जाताना दार हळू लावलं,
हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते.

चार वाजून दहा मिनिटांनी लिहिलं :
वात कोरडी. माणूस पाठवला. पाणी भरलं.
साडेतीनच्या ओळीला 'च'.

मग विचारलं पुन्हा. मस्तूल तीन. नवी आधी.

१६:१०   ३२.३

भोंगा वाजला.
या वेळी खराच.
खाली उतरायला कुणी नव्हतं,
टोप्या अजून सावलीतच होत्या.